होडीला विचारून

पाडव्याच्या सकाळी देवबागच्या खाडीवर आम्ही तिघे होतो: मी, माझी बायको आणि होड्या दुरुस्त करणारा तो. मला हौसेने फिरायला एक होडी घ्यायची होती. त्याच्याकडे एका मालकाच्या दोन होड्या विकायला होत्या. मोठी दहा जणांची, दोन लाख चाळीस हजारांना. लहान चौघांची, एक लाखाला. डोईमागे मोठी हजार रुपयांनी स्वस्त पडते, हे मी त्याला समजावून सांगितले.

पण तो गिऱ्हाइकापेक्षा होडीशीच जास्त बोलतो. मोठीवर थाप मारून त्याने तिलाच विचारले, "काय गो, ह्येंच्या घराक दोनच माणसां. आठ जागांर वारो बसतलो?" आणि कान लावून उत्तराची वाट पाहिली.

बायकोला पाण्याची धास्ती. ती बसणार नसेल, तर मला एकट्याला होडी घेऊन करायचे काय? त्याने लहान होडी पाण्यात ढकलली, बायकोला हात देऊन आत बसवले, वल्हे दिले आणि स्वतः कंबरभर पाण्यात कड धरून उभा राहिला. "वयनी, तुमीच मारा. ह्ये बसले तर बसले."

मी घाईने चढलो. ती एकाच बाजूला वल्हे मारू लागली, होडी गरगर फिरली आणि ती खदखदून हसत ओरडली, "अहो, नीट बसा, नाहीतर उतरवीन!" त्याने कड कधी सोडली, दोघांनाही कळले नाही.

"होडयेक इचारलंय," तो काठावरून म्हणाला. "येतंय म्हणता."

लाख रुपये मालकाला दिले. तो स्वतः काही घेईना. "माका नको, तिका नारळ द्या." मग चाळीस रुपयांचा नारळ बायकोने होडीला दिला, तिच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, एका घावात फोडून.