क्वालिटीच्या चौकोनातला फोटो

"कोट काढ जरा," भाऊसाहेब म्हणाले. "वहिनीले दे. फोटो काढायचा हाय."

मी काढला. लगेच काढला. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते. कॉलेजात प्रॅक्टिकलसाठी शिवलेला पांढरा कोट, खिशाजवळ ॲसिडचं भोक. ते भोक झाकायला वहिनींनी त्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात ओलावा मोजायचं मीटर घेतलं, तेही उलटं, आणि हसल्या. मी बाजूला उभी. घामानं चिकटलेला कुर्ता, हातात मीटरची रिकामी पेटी.

ही अकोल्याच्या एमआयडीसीतली एक तुरीची डाळमिल. भाऊसाहेब मालक, वहिनी त्यांची धाकटी सून. मी बीएस्सी झाले आणि तिथं लागले. सहा वर्षं आलेला प्रत्येक माल मी तपासला. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, ओलावा मोजायचा, भेसळ पाहायची आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, पास किंवा नापास. माझी माय त्याच मिलमध्ये डाळ निवडायला बसते, माझ्या जन्माच्या आधीपासून. सगळ्या वस्तीत सांगत फिरायची, "माही पोरगी कोटवाली हाय."

फोटो कशासाठी, तर एका मोठ्या कंपनीला आमची डाळ हवी होती. त्यांचं म्हणणं, आधी तुमचा कारभार कसा चालतो ते दाखवा. मग पुण्याहून एक सल्लागार आला. त्यानं सांगितलं, प्रत्येक विभाग वेगळा पाहिजे, प्रत्येकाला प्रमुख पाहिजे, कोण कोणाला जाब देतं ते बोर्डावर दिसलं पाहिजे. माणूस चुकीचं बोलत नव्हता. मला तर इतका आनंद झाला! म्हटलं, चला बाप्पा, आता तरी आपलं नाव लागते.

बोर्ड आला. सगळ्यात वर भाऊसाहेब. खरेदी विभागात थोरला मुलगा. सुरक्षा विभागात भाचा, जो नागपूरला कापडाचं दुकान चालवतो आणि मिलमध्ये फक्त लग्नाची पत्रिका द्यायला आला होता. महिला तक्रार समितीच्या अध्यक्ष भाऊसाहेबांच्या आई. त्यांना ऐकू येत नाही. हसू नका, खरं सांगते. क्वालिटी विभागात वहिनी, माझ्या कोटात. आणि सगळ्यात खाली एक लांबट चौकोन, त्यात एकच शब्द, लेबर. त्यात ना नाव, ना फोटो.

मायला वाचता येत नाही. ती बोर्डासमोर उभी राहिली.

"यात मी कुठीसा आहो?"

"खालच्या चौकोनात."

"अन् तू?"

मी वहिनींच्या फोटोतला कोट दाखवला.

मी भाऊसाहेबांकडे गेले. म्हटलं, काम तर मी करते ना? ते चिडले नाहीत, हसले. "अवं पोरी, तू तं घरचीच हायेस. तुले बोर्डाची काय गरज? कंपनीच्या तपासणीवाल्या मॅडमसमोर कोनी बरं दिसनारं नको का?"

बरं दिसणारं. ते दोन शब्द मी घरी घेऊन गेले. आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःचा चेहरा पाहत बसले. सांगायलाही लाज वाटते, पण पाहत बसले.

तपासणीच्या दिवशी मला हुकूम होता, निवडणाऱ्या बायांच्या रांगेत बस, तोंडाला ओढणी बांध. मी मायशेजारी बसले. मॅडम आल्या आणि वहिनींना विचारलं, "डाळीत ओलावा किती चालतो?" वहिनींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी बोटं दाखवली. आधी दहा, मग दोन.

"बारा टक्के," वहिनी म्हणाल्या. मॅडमनी मान डोलावली आणि कागदावर खूण केली.

कोट काढून घेतला ते त्यांनी केलं. बोटं मी दाखवली. मला कोणी मारलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. वर मनात कुठंतरी बरंही वाटलं, पाहा, माझ्यावाचून यांचं अडते. या गोष्टीचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. माय तेवढी डाळीवरची नजर न काढता हळूच म्हणाली, "काहून दाखवले?"

मिल पास झाली. पेढे आले, बायांपर्यंत अर्धा अर्धा पोहोचला. नवीन पद्धत सुरू झाली. तपासायचं मी, सही वहिनींची. वहिनी महिन्यातून एकदा यायच्या, कोऱ्या पास-पत्रांच्या गड्डीवर सह्या करून जायच्या. माझा कोट त्यांच्याच कपाटात. मी कुर्त्यावरच काम करत राहिले.

मग तो माल आला. नळी खुपसली, मूठ उघडली, आणि दाणा पाहूनच दचकले. तुरीत लाखोळी, स्वस्तातलं कडधान्य. चपटा, कोपरे असलेला दाणा, पाहणाऱ्याला लगेच कळतो. पोटभर रोज खाल्ली तर माणसाचे पाय जातात, असं आमच्याकडे म्हातारी माणसंही सांगतात. मी तीन पोती पाहिली, दहा पाहिली, सगळीकडे तेच. रजिस्टरमध्ये लाल पेननं लिहिलं, नापास, लाखोळीची भेसळ. खाली सही केली. आणि का कोण जाणे, त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला.

दुपारी माल मशीनवर चढलेला. मी धावत ऑफिसात गेले. थोरल्या मुलानं वहिनींची सही असलेलं पास-पत्र पुढं केलं. "क्वालिटीनं पास केला ना. तू कोन?"

मी कोण! बोर्डावर नसलेली बाई मोठ्यानं बोलली तरी तिचं ऐकायचं कोणी? मी बाहेर आले.

पुढच्याच महिन्यात, लाखोळी सापडली म्हणून, ती डाळ कंपनीकडून परत आली. कंपनीचं पत्र आलं, जबाबदार विभागप्रमुखाचा लेखी खुलासा पाठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकातून आत शिरले तर माय धावत आली. तिला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी, माझा हात ओढत बोर्डापाशी घेऊन गेली. "पाह्य! पाह्य वो!"

क्वालिटीच्या चौकोनात माझा फोटो होता. नोकरीच्या अर्जाला लावलेला, सहा वर्षांपूर्वीचा. खाली माझं नाव, विभागप्रमुख. मायनं बाकीच्या बायांनाही उठवून आणलं होतं. त्या सगळ्या माझ्याकडे पाहून हसत होत्या. मला मात्र कालचं कंपनीचं पत्र आठवलं.

ऑफिसात भाऊसाहेबांनी स्वतः खुर्ची दिली. टेबलावर माझा कोट, धुऊन, इस्त्री करून. शेजारी टाइप केलेला कागद. विभागप्रमुख या नात्याने माझ्या नजरचुकीने सदर माल पास झाला, अशी सुरुवात.

"सही कर," ते म्हणाले. "नाव पाह्यजे होतं ना तुले? देलं."

"मी नापास लिहिलं होतं."

"रजिस्टर सापडत नाही," थोरला म्हणाला.

"माह्या मोबाइलमदी हाय."

थोरल्यानं बापाकडे पाहिलं. मग भाऊसाहेबांनी आवाज खाली आणला. "तुही मायही इथंच काम करते. इसरू नको."

इथं मी पेन हातात घेतलं, खोटं कशाला बोलू. बाहेर माय अजून बोर्डासमोर उभी होती. तिला तो फोटो खरा वाटत होता. एक सही केली असती तर तो तिथंच राहिला असता.

मी उठले आणि बाहेर गेले. स्टुलावर चढले आणि माझा फोटो नखानं खरवडून काढला. बाया पाहतच राहिल्या. "काय करून राह्यली वो!" माय ओरडली. तिथंच, सगळ्यांसमोर, मी तिला काय झालं ते सांगितलं. थोडक्यात सांगितलं. माझं शाळेतलं मराठी तेव्हा कुठल्या कुठं गेलं. "मले आज बशवलं तिथी, माय. कालच्या पापासाठी आज बशवलं."

मग परत आत गेले. त्याच टाइप केलेल्या कागदाच्या मागं हातानं लिहिलं की माल आला त्या दिवशी मी विभागप्रमुख नव्हते, मी माल नापास केला होता, पास-पत्रावर सही माझी नाही. खाली सही केली. त्याचा आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो त्यांच्यासमोरच, टेबलावरच्या कंपनीच्या पत्रातल्या नंबरवर, तपासणीवाल्या मॅडमना पाठवला. कोट उचलला. तो माझाच होता.

मला त्याच दिवशी काढलं. मायला आठवडाभरानं, तिची नजर कमी झाली म्हणून. एवढी वर्षं डाळीतले खडे वेचून नजर कमी झालीच असेल. एकदा भाकरी थापता थापता माय म्हणाली, "फोटो तं चांगला होता वो तुहा." मी तिला दोष देत नाही. पण मी चुकले असंही म्हणणार नाही.

परवा अमरावतीच्या एका मिलमध्ये मुलाखतीला गेले. तिथंही भिंतीवर बोर्ड, तिथंही चौकोन. मालक म्हणाले, तुम्हाला क्वालिटीची प्रमुख करतो. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते, आत कोट. म्हटलं, "प्रमुख मंग करा. मी नापास लिहिलेला माल मले न इचारता कोनी मशीनवर चढवनार नाही, तुमी सुदा नाही, हे आधी कागदावर लिहून द्या."

ते हसले. "एवढं काय त्यात? बोललो ना तोंडानं."

"तोंडानं नको. लिहा. मंग कोट घालीन."