पालीच्या वाळूत राजे

पालीच्या कोळीवाड्यातल्या हौसाबाईने आयुष्यात एकच राजा पाहिला, आणि तेवढा तिला पुरला.

तारोडीहून लग्न होऊन ती आली तेव्हा सासूने पहिल्याच सकाळी हातात हंडा दिला आणि टेकडीकडे बोट दाखवलं. गोड पाण्याची विहीर टेकडीपलीकडे. तीस वर्षं ती वाट तिने तुडवली. नवरा गेल्यावर बोंबील सुकवून, भाईंदरच्या बाजारात विकून तिने घर चालवलं. पण दुखणं विचारलं तर मासळीचं नव्हे, पाण्याचं सांगायची. मग सून सुलू, सातवा महिना लागलेला असताना, त्याच उतारावर हंड्यासकट पडली. बाळ राहिलं नाही. तेव्हापासून हौसाबाईला एकच हवं होतं, गावात विहीर. गड्यांनी वाडीमागे खणून पाहिलं. दहा हातांवर पाणी लागलंही, पण वाळूच्या कडा दुसऱ्या दिवशी ढासळल्या. कडा धरायला जाड फळ्या नाहीतर दगडी बांधकाम हवं, आणि दोन्ही गावाच्या आवाक्याबाहेर.

अशात सदुसष्टची निवडणूक आली आणि खैरजगडचे महिपतराजे उभे राहिले. संस्थान केव्हाच विलीन झालेलं. सरकारी तनखा आणि मिशांचा पीळ तेवढा शिल्लक. जीपमधून न उतरता त्यांनी नाकाला अत्तराचा रुमाल लावला आणि रुमालातूनच विहिरीचं वचन दिलं. हौसाबाई भारावली. राजाचा शब्द आहे, शिक्का त्याच्याच चिन्हावर मारा, असं ती घरोघर सांगत फिरली. अपक्ष राजे निवडून आले आणि सहा महिन्यांत सत्तेच्या बाकावर जाऊन बसले. हौसाबाई त्यांच्या मुंबईच्या बंगल्यावर चार वेळा गेली. तीन वेळा राजे पूजेत होते, चौथ्यांदा घोड्यांच्या शर्यतीला.

एकाहत्तर सरता सरता तनखे बंद झाले. तिकीटही कापलं गेलं. बहात्तरच्या जानेवारीत राजे तिसराच झेंडा घेऊन, अंगात खादी चढवून पुन्हा दारात. या खेपेला म्हणे ते आपल्यासारखेच साधे माणूस झाले होते.

सभेची जागा बघायला त्यांचा कारभारी सदू दोन दिवस आधी आला. तो डोंगरातला माणूस. किनाऱ्याची घट्ट, सपाट वाळू पाहून खूश झाला. फोटोत राजांच्या मागे समुद्र यायला हवा, असा हुकूम होता.

"मावशी, ही जागा कोणाची?"

"समुद्राची," हौसाबाई बोंबील उलटत म्हणाली.

"मग भाडं त्यालाच देऊ?" सदू हसला.

"त्यो मागायला येल."

सदूला ही कोळणीची गंमत वाटली. मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेल्या जाड फळ्यांचं भक्कम व्यासपीठ काथ्याने बांधून झालं. सभा माघी पुनवेला, भर दुपारची. पुनवेचं उधाण दुपारी बोंबील सुकवायच्या काठ्यांपर्यंत चढतं, हे पालीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"आये, सांगा ना त्यांना," सुलू म्हणाली.

"चार येला बंगल्यावर गेले. राजा भेटायचा न्हाय, म्हनून मना कोनी सांगितलं?"

सभेदिवशी गडी होड्या घेऊन गेलेले. बाया आणि म्हातारे काठ्यांच्या वरच्या अंगाला जाऊन उभे राहिले. लोक अदबीने दूर थांबलेत असं राजांना वाटलं. त्यांनी पूर्वजांच्या लढायांपासून सुरुवात केली. तिसरी लढाई चालू असताना पाणी व्यासपीठाच्या खांबांना लागलं. चौथीत राजे विजयी झाले तेव्हा चहूकडे समुद्र होता.

"होडी आणा," राजांनी फर्मावलं.

"होड्या समद्या भायेर गेल्यात, राजेसाहेब. उतरा, गुडघाभरच हाय," काठावरून एक म्हातारा ओरडला.

"आम्ही उतरायचं?"

"साधा मानूस उतरतो," हौसाबाई म्हणाली.

कोणी पुढे झालं नाही. शेवटी राजांनी धोतर वर खोचलं, जोडे हातात घेतले आणि कारभाऱ्याचा दंड धरून, प्रत्येक लाटेला दचकत ते कोरड्यावर आले. मागे वळून न बघता जीपमध्ये बसले.

ओल्या काथ्याच्या गाठी लाटांनी हिसकून हिसकून सोडवल्या आणि फळ्या एकेक करून वाहत काठाला लागल्या. समुद्रातून वाहून आलेलं जो ओढील त्याचं, ही या किनाऱ्याची जुनी रीत. बायांनी काष्टे खोचले आणि चाळीस फळ्या ओढल्या.

राजे तरीही निवडून आले. बाकीच्या गावांनी त्यांना पाण्यात पाहिलं नव्हतं.

मार्च संपता संपता सदू आला. मंडपवाला फळ्यांसाठी राजांच्या दारात बसला होता, आणि राजे म्हणे पूजेतून उठत नव्हते. हौसाबाई त्याला वाडीमागे घेऊन गेली. खोल खड्ड्याच्या चारी कडांना फळ्या उभ्या ठोकलेल्या, तळाशी पाणी.

"ह्या बघ. काढून न्यायच्या तर ने."

सदूने वाकून पाहिलं. मग घाम पुसून त्याने प्यायला पाणी मागितलं. सुलूने दोर सोडला.

"जरा मचूळ लागल," ती म्हणाली.