ट्रॉली मागे घेताना

समोरच्या अंगणात सुनंदावहिनी ट्रॅक्टरची ट्रॉली शेडमध्ये मागे घ्यायला शिकत होत्या. त्यांच्या नवऱ्याचा, भाऊंचा, उजवा हात प्लास्टरमध्ये. ते मागे उभे राहून ओरडत होते, "येऊ दे, येऊ दे... अगं, उजवीकडे!"

वहिनींनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि ट्रॉली डावीकडे वळली, कोपरात दुमडल्यासारखी. मी चहाचा कप घेऊन खिडकीतच थांबले. असं उलटं का होत असेल? पुढे जाताना हीच ट्रॉली किती निमूट मागे येते! जोडलेल्या माणसांचंही असंच असावं. रेटायला जावं, तेव्हाच कळतं की त्यांना त्यांचं वळण आहे.

"अगं, खांब!"

वहिनींनी करकचून ब्रेक दाबला. "तुम्ही आधी गप्प बसा बघू. मी जरा पुढे घेते."

ट्रॅक्टर पुढे सरकला आणि न सांगता ट्रॉली सरळ झाली. मग मान वळवून बघत वहिनींनी ती सावकाश मागे नेली. भाऊ बाजूने चालत राहिले. ट्रॉली आत पोचल्यावर त्यांनी डाव्या हाताने तिच्या बाजूच्या फाळक्यावर थाप मारली, पाठीवर मारावी तशी.