कौलाआधीचा मेसेज

लेकीचा मेसेज आला, "आई, पुण्यात नोकरी मिळाली. सुपर एक्सायटेड." हेच दोन शब्द मी लग्न ठरताना हळर्णच्या मुलाला पाठवले होते, देवाचा कौल घ्यायच्या आधीच.

बाबा भडकले. "कौल मिळूच्या आधीच लिवलंस?"

दुसऱ्या दिवशी मये गावच्या देवळात आम्ही श्वास रोखून उभे होतो. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. समईच्या तेलाचा वास घशात बसला होता. बाबांचे ओठ हलत होते. मला वाटलं, ते माझ्यासाठी उजवी मागताहेत.

उजवी पडली. आईने डोळे पुसले. बाबा मात्र डाव्या पाकळीकडेच बघत राहिले.

आता घर सोडून निघालेल्या लेकीला नुसतं 'सुपर' लिहायचंय, आणि बोट हलत नाही.