भावंडांचा रिकामा रकाना

सैन्यातल्या अधिकारीपदाची लेखी परीक्षा मी पास झाले, तेव्हा मुलाखतीची तयारी दादानं करून घेतली. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मुलाखत धरून पाच दिवसांची ती निवड चाचणी त्यानं तीनदा दिली होती आणि तिन्ही वेळा शेवटच्या दिवशी परत आला होता. तिसऱ्या खेपेनंतर आधी त्याची झोप गेली, मग बोलणं. मग भिंतीपलीकडं लोक आपल्याबद्दल बोलतायत असं त्याला ऐकू यायला लागलं. औषधं सुरू होती. गारखेड्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवरही तो आईशिवाय जायचा नाही.

पण ते दोन महिने तो रोज सकाळी दाढी करून माझ्यासमोर बसला. मोबाइलवर वेळ लावून एकेक शब्द द्यायचा. पंधरा सेकंदांत मी त्यावर वाक्य लिहायचं. गोळ्यांमुळं त्याचे हात थरथरत. एकदा म्हणाला, "भीती." मी लिहिलं, भीती माणसाला कमजोर करते. त्यानं वही ओढून घेतली.

"असं नाय. भीती वाटली तरी तो पुढं गेला, असं लिही. पण तुला खरंच तसं वाटलं पाहिजे."

निघायच्या आदल्या दिवशी वडिलांनी मला बाजूला घेतलं. "तिथं दादाचं काढू नको. घराण्यातच आहे म्हणतील."

"विचारलं तर?"

"एकुलती आहे म्हण." ते माझ्याकडं बघत नव्हते.

तिथं फॉर्ममध्ये भावंडांच्या रकान्यात मी आडवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी मुलाखत झाली. समोरच्या अधिकाऱ्यानं फॉर्म चाळत विचारलं, "भावंडं नाहीत?"

"नाही, सर."

"मग तयारी कुणी करून घेतली?"

"माझी मीच केली."

आवाज जरासुद्धा हलला नाही. पुढं सिल्लोडच्या कापसाबद्दल, तिकडच्या आमच्या मूळ गावाबद्दल बरंच विचारलं. मी काय उत्तरं दिली ते आता आठवत नाही.

पाचव्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर वाचले. त्यात माझा नव्हता. कारण तिथं कुणालाच सांगत नाहीत.

घरी आले तर दादा दाढी करून, वही घेऊन बसलेला. "मुलाखतीत काय काय विचारलं? पहिल्यापासून सांग."

मी सांगत गेले. तो लिहून घेत होता. मध्येच थांबला. "अन् माझं? भाऊ काय करतो, विचारलंच असंल की."

वडील दारात उभे होते.

"विचारलं ना. तयारी भावानं घेतली म्हटलं."

"मग?"

"लई चांगली घेतली म्हणाले."

त्यानं तेही लिहून घेतलं, सावकाश, थरथरत्या अक्षरात. वडील आत निघून गेले.

पुढं कितीतरी दिवस तो पुन्हा अर्ज भर म्हणून मागं लागला होता. मी भरला नाही. का, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.