सोलोमन मामाचा खडा

आमचा सोलोमन मामा गेला तेव्हा खोलीत दिवा नव्हता. त्यानेच विझवायला लावला होता. लोक अजून विचारतात, मरत्या माणसाजवळ अंधार कशाला केला? म्हणून सांगायला पाहिजे.

मामा डोंगरावर, आभाळ बघायच्या मोठ्या दुर्बिणी आहेत तिथे ड्रायव्हर होता. शास्त्रज्ञांना वर न्यायचं, आणायचं, संध्याकाळी घुमटाचं दार उघडायचं. तो आणि राखेल मामी वरच राहायचे. तिथे सूर्य बुडाला की उजेड बंद, नाहीतर दुर्बिणीतले फोटो बिघडतात. खिडक्यांना काळे जाड पडदे, गाडीचे मोठे दिवे लावायचे नाहीत, बॅटरीला लाल कापड. मामाच्या ते इतकं अंगात भिनलेलं की खाली गावात आला तरी कुणी बॅटरी मारली की डोळ्यांवर हात घ्यायचा.

एका हिवाळ्यात वरच्या शास्त्रज्ञ थांडेकाबाईंना एक दगड सापडला. आभाळातला. चर्चपेक्षा लहान, कोळशासारखा काळा, आणि गरगर फिरतो म्हणून लुकलुकणारा. मामा त्याला खडा म्हणायचा. आम्हाला समजावताना टेबलावर बशी ठेवायचा, तो सूर्य. "ही आपली पृथ्वी, बशीभोवती चालली," म्हणत टोस्टचा तुकडा फिरवायचा. "आणि हा खडा जरा बाहेरून चालतो, जरा सावकाश. त्यामुळे दर फेरीला मागे पडतो. मागे पडत पडत इतका मागे जातो की एक दिवस आपणच पाठीमागून येऊन त्याला गाठतो."

"मग धडकतो?" माझी बहीण दीना विचारायची.

"छे! चंद्राच्याही पलीकडून जातो. थोड्या संध्याकाळी दिसतो, मग कित्येक वर्षं नाही." आणि टोस्ट चहात बुडवून खाऊन टाकायचा. "घ्या, संपली पृथ्वी!"

पण खडा एकदा दिसून भागत नाही. जितक्या जास्त संध्याकाळी फोटो मिळतील तितका त्याचा रस्ता पक्का. नाहीतर परत येईल तेव्हा कुठे बघायचं तेच कळत नाही, हरवतो. पहिल्या फोटोंनंतर ढग आले ते हटेनात. शेवटी आभाळ उघडलं तेव्हा खडा लांब चाललेला. आज नाही तर नाहीच, असं थांडेकाबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मामीच्या छातीत दुखायला लागलं.

मामाने ॲम्ब्युलन्सला फोन केला. वळणावर पाटी नाही म्हणून स्वतः खाली धावत गेला आणि लाल कापडाची बॅटरी हलवत उभा राहिला. पांढरा उजेड करावा हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ॲम्ब्युलन्सवाला परक्या गावचा. अंधारात एवढासा लाल ठिपका त्याला काय दिसणार? गाडी समोरून सरळ निघून गेली, पुढच्या मेंढ्यांच्या फार्मकडे.

मग मामा वर पळाला. आपल्या गाडीचे मोठे दिवे लावले, अंगणातला झोतदिवा लावला, हॉर्न दाबून धरला. डोंगर दिवसासारखा झाला. ॲम्ब्युलन्स फिरून आली. मामी वाटेतच गेली.

मातीला थांडेकाबाई आल्या होत्या. मामाने त्यांना बाजूला घेतलं.

"तुमचा खडा?"

"जाऊ द्या ना काका. आज नको."

"सांगा."

"फोटो पांढरे झाले. रस्ता अर्धवट राहिला."

मामा कबरीकडे बघत म्हणाला, "तिच्यासाठी दिवा उशिरा लावला, तुमच्यासाठी लवकर. एकालाही कामाला आला नाही."

"असं नका म्हणू. मीसुद्धा लावला असता."

पण ते त्याच्या मनातून गेलं नाही. राखेल तर परत यायची नव्हती. खडा येणार होता. तो तरी सापडायला पाहिजे, एवढंच त्याने धरून ठेवलं. नोकरी संपून खाली गावात राहायला आला तरी डोंगराकडच्या खिडकीला तेच काळे पडदे.

शेजारची शार्लीन भिंतीवरून ओरडायची, "सोलोमन, घरात घुबडं पाळलीस का रे?"

"पाहुणा यायचाय माझा. तुझ्या त्या बल्बने बिचकेल. झाक तो आधी!"

"पाहुणा! दात पडले आणि पाहुणे बोलावतोय!" पण बल्बवर पत्र्याचा डबा तिने उपडा घातला होता, हे खरं.

वर्षं गेली. खडा परत यायचा हिवाळा आला तेव्हा मामाची छाती बोलायला लागली होती. दोन पावलं टाकली की धाप. थांडेकाबाईंचेही केस पिकलेले. रोज सकाळी मामा फोन लावायचा.

"मिळाला?"

"नाही काका. आभाळ केवढं, तुम्हाला माहीत आहे. आणि नुसत्या उन्हानेही तो थोडा थोडा सरकतो. आज परत बघतो आम्ही."

"बघा, बघा."

शेवटच्या दिवसांत दीना त्याच्याकडे राहिली. त्या रात्री औषध द्यायला तिने दिवा लावला.

"विझव, पोरी. वर शोधतायत."

"मामा, पडदा आहे ना. आणि मला तुझा चेहरा दिसत नाही."

"काय बघायचंय त्यात? अजून कंटाळली नाहीस?" मग हसता हसता ठसका लागला. जरा थांबून म्हणाला, "विझव गं. यावेळी माझ्यामुळे नको."

तिने विझवला. त्याचा हात धरून बसली. श्वास ऐकत होती, ऐकता ऐकता तिचा डोळा लागला, आणि जागी झाली तेव्हा हात गार होता. कधी गेला ते तिला कळलं नाही. हेच ती रडताना परत परत बोलते, दिवा असता तर कळलं असतं.

सकाळी फोन वाजला. थांडेकाबाईंनी आज स्वतःहून लावला होता.

"काका उठले का? कालही नाही मिळाला, म्हणावं. पण अजून थोड्या संध्याकाळी आहेत."

दीनाने सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "आज तुमच्याकडे लोक जमतील. दिवे लावा हं, सगळे लावा. आम्ही बघून घेऊ."

"नाही," दीना म्हणाली. "तुम्ही शोधा. आम्ही पडदे ओढून बसतो."