चालतं हृदय धरताना

खंडाळ्याच्या स्टँडवर आबांनी माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि नर्सिंग शिकायला मुंबईला निघालेल्या लेकीला एवढंच म्हणाले, "पत्र धाडत जा. आमी बी धाडू." आबांना लिहिता येत नव्हतं. पत्रं माझा थोरला भाऊ, अण्णा, लिहायचा.

आमची मेंढरं होती. लोकर कातरायच्या दिवसांत मेंढरू धरायचं काम माझ्याकडे. मी घाबरून आवळून धरायची. आबा म्हणायचे, "दाबू नगं. कातर चालतीय तेवढंच थिर ठेव, बाकीचं हलू दे."

सत्तरच्या दशकात, मुंबईत हृदयाच्या ऑपरेशनची नर्स झाल्यावर, तेच माझ्या कामाला आलं. बायपासची तेव्हा नवलाई होती. आमचे सर्जन काही पेशंटचं हृदय बंद न करता, चालतं ठेवूनच टाके घालायचे. आजच्यासारखी ते धरणारी उपकरणं नव्हती. रक्तवाहिनीच्या दोन्ही अंगांनी रेशमी दोरे घेतलेले असायचे आणि ते मी धरायची. जास्त ताणलं की रक्तदाब घसरायचा, सैल पडलं की सुई चुकायची. सर माझ्या हाताचं कौतुक करायचे. मी ते फुशारकीने घरी कळवायची. अण्णाचं उत्तर ठरलेलं: इकडील सर्व खुशाल, आबा मजेत.

आबा मजेत नव्हते. दीड वर्ष चढ चढताना त्यांच्या छातीत कळ येत होती. सगळ्या वाडीला ठाऊक होतं. मला कळलं ते आबा गेल्यावर. लांबच्या माणसाला वाईट कळवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी जाब विचारला तर अण्णा खाली बघत म्हणाला, "तू आबास्नी फाडायला न्हेलं असतंस."

नेलंच असतं. किती परक्यांची हृदयं मी या हातांनी सांभाळली, आणि माझ्या बापाचं दुखणं माझ्याच माणसांनी माझ्यापासून लपवलं. असा दगा मला मुंबईत कुणी दिला नाही. त्यानंतर मी वाडीला गेले नाही. अण्णाची पत्रं यायची, मी दोन ओळींत उत्तर द्यायची.

मागच्या महिन्यात इमारतीचा जिना चढताना माझ्याच छातीत कळ आली. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. अण्णाला कार्ड लिहायला बसले आणि हाताने आपसूक लिहिलं, इकडील सर्व खुशाल. स्वतःचाच भयंकर राग आला. ते फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं, "छातीत दुखतंय. ये."

कार्ड परवा पेटीत टाकलंय. अण्णा आला, तर ती वाडी अजून माझं घर आहे.